सारवलेली जागा

उकळत्या पाण्यातून काढलेले पाते वीस आकडे मोजेपर्यंत वाळत असे. आधी कडा कोरड्या होत, मधला थेंब शेवटी उडे. कारध्याची सुईण देवकाबाई तो थेंब उडेपर्यंत थांबायची. मग पात्याला हळदीकुंकू लावून ते नुकत्याच शेणाने सारवलेल्या जागेवर ठेवायची. बाळाची नाळ कापायची वस्तू पवित्र जागीच ठेवावी, हे तिला कुणी शिकवले नव्हते; दुसरे काही तिच्या मनातच आले नव्हते. पाते उकळायला मात्र सत्त्याहत्तरच्या सरकारी शिबिरात शिकवले होते. त्यात तिने एकदाही कुचराई केली नव्हती.

सून तुळसाची दोन्ही बाळंतपणे तिनेच केली. दोन्ही लेकरे आठव्या दिवशी गेली. आधी दूध ओढेनात, मग जबडा मिटला, मग अंग ताठ झाले. लोक म्हणाले, बाहेरची बाधा.

तिसऱ्या खेपेला, सहाव्या महिन्यात, नर्सबाई सुई टोचायला आल्या. म्हणाल्या, "देवकाबाई, तुम्ही कसं करता ते दाखवा बरं."

तिने कौतुकाने दाखवले. पाते सारवलेल्या जमिनीला टेकले तसा नर्सबाईंनी तिचा हात धरला.

"शेणातच असतो हो तो रोग. धनुर्वात." त्यांनी आवाज चढवला नाही. "तुळसाला नदीपलीकडे भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्या."

देवकाबाई पाते उचलून आत गेली. सुईणीने स्वतःच्या सुनेला दवाखान्यात धाडले तर लोक कारण विचारणारच. धानाची रोवणी आटोपली, निंदण झाले, लोंब्या निसवल्या. तिचे हात चालत राहिले. एक दिवस बांधावर बसून ती गावातली आठव्या दिवशी गेलेली लेकरे आठवू लागली. अकरावर थांबली आणि पुन्हा चिखलात उतरली.

दिवाळीनंतर एका सकाळी तुळसाला कळा सुरू झाल्या. शेजारच्या बायजाबाईने जागा सारवली, चूल पेटवली.

"काहून वो देवका, खांबावानी उभी काय? घरची सुईण असून का आता गावभर सुईण शोधू?" ती हसली.

"माय, पाणी उकळून राहिलं," मुलगा जागेश्वर दारातून म्हणाला.

तुळसाने सासूकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. भरवसाही नव्हता. देवकाबाईला वाटले, आपल्याला रडू येईल. आले नाही.

"ते दोघं माह्या हातानं गेले, बायजा," ती म्हणाली. "जागेश्वर, बंडीले बैल जुप. हिले दवाखान्यात ने."