दुमडलेला कोपरा आणि सर्वज्ञ यंत्र

सकाळी नऊलाच दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. साथबीथ काही नव्हती. चमत्कार आला होता. केसपेपर नव्या यंत्राच्या काचेवर ठेवायचा, की दोन सेकंदांत निकाल: 'गंभीर' नाहीतर 'घरी जा'. गंभीर ठरलेल्यालाच डॉक्टर भेटत.

"याने तुमचे दहा हजार जुने केसपेपर वाचलेत!" कंपनीचा टायवाला हात नाचवत सांगत होता. "माणसाला न दिसणारं याला दिसतं. कसं दिसतं? ते आम्हालाही कळत नाही!"

या वाक्याला चक्क टाळ्या पडल्या. मी औषधांच्या खिडकीत कपाळाला हात लावला. भाजीत काय घातलंय ते मलाच ठाऊक नाही, असं आचारी म्हणाला असता तर हीच मंडळी ताटावरून उठली असती.

तेवढ्यात माझी आत्या आली. छातीत कळा, अंगाला दरदरून घाम. पण बाई टापटिपीची. कागद वहीत घालून सपाट आणलेला. यंत्र म्हणालं, 'घरी जा'. तिच्या पुढच्या ट्रकवाल्याचं फक्त बोट कापलं होतं. त्याचा खिशात चुरगळलेला कागद मात्र 'गंभीर' ठरला होता.

"अहो, आत्याला आधी बघा!" मी ओरडलो.

"यंत्रापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?" टायवाला हसला.

मोठ्या सिस्टर धावत आल्या. आत्याची नाडी पाहून त्यांनी कुणालाही न विचारता तिला आत पाठवलं. मग आत्याचा सपाट आणि ट्रकवाल्याचा कोपरा मुडपलेला, असे दोन्ही कागद शेजारी धरले आणि डोळे मोठे केले.

"अगं बाई! हे तर माझंच काम!"

त्यांनी आत्याच्या कागदाचा वरचा कोपरा दुमडला आणि कागद काचेवर ठेवला. 'गंभीर'! मग कोरा कागद, कोपरा दुमडून. 'गंभीर'! शेवटी टायवाल्याचं माहितीपत्रक. तेही अत्यवस्थ निघालं.

"वीस वर्षं मी रुग्ण तपासून गंभीर असेल त्याचा कोपरा दुमडते, डॉक्टरांना आधी दिसावा म्हणून," सिस्टर म्हणाल्या. "यंत्राला तेच कागद दाखवलेत ना? ते आजार शिकलंच नाही. कोपरा शिकलं!"

हशा पिकला. त्याच वेळी मागच्या रांगेत कोपरे दुमडल्याची सळसळ सुरू झाली.

आत्याला हृदयविकाराचा झटका आला होता. घरी गेली असती तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नियम लागले: यंत्र फक्त सुचवेल, ठरवणार नाही. 'घरी जा' म्हणायला डॉक्टरची सही हवी. बाहेरच्या जाणकारांनी तपासल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, आणि चुकलं तर जबाबदार कोण, ते कंपनीने आधीच लिहून द्यायचं.

"नियमांनी प्रगती अडते हो," टायवाला कुरकुरला.

माझं यंत्राशी वैर नाही. पण माझ्याकडच्या खोकल्याच्या साध्या बाटलीवरही आत काय आहे, कुणी बनवलं, ते छापावं लागतं. तपासणीशिवाय ती विकता येत नाही. मग माणसाला दारातून परत पाठवणाऱ्या यंत्राला सूट कशासाठी? ते काहीही सांगो, तुम्ही 'कशावरून?' असं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं माणूस घेऊन दारातून हलू नका.