गुरम्माच्या कमरेची किल्ली

अंबिका निलंग्यातल्या एका साडीच्या दुकानात आठ वर्षं कामाला होती. सकाळी दहापासून संध्याकाळी आठपर्यंत उभी. दुकानामागं संडास होता, पण त्याला कुलूप, आणि किल्ली मालकीण गुरम्माच्या कमरेला. पहिल्याच आठवड्यात अंबिकेनं ती मागितली, तेव्हा गुरम्मा म्हणाली, "घरून उरकून येत जा. तो घरच्यांसाठी हाय." अंबिकेनं परत विचारलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला.

जावं लागू नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. दुपारी कळ आली तरी दाबून धरायची. घरी पोचेपर्यंत कळ गेलेली असायची आणि सकाळी खडा झालेला. घाम फुटेस्तोवर कुंथत बसावं लागायचं. आठव्या वर्षी मार्चमध्ये रक्त पडलं. तिखटानं झालं असेल म्हणून तिनं मिरची सोडली. फरक पडला नाही. जूनमध्ये कोंबासारखं काहीतरी बाहेर यायला लागलं, तेव्हा मावशी आजारी असल्याचं सांगून ती लातूरला बाई डॉक्टरकडं गेली.

डॉक्टरांनी तपासलं आणि समोर बसवून सांगितलं, "तिथं आत सगळ्यांनाच रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. रोज जोर लावला की त्यात रक्त साचतं, त्या फुगतात, खाली घसरतात. कडक शौच घासलं की रक्त येतं. हीच मूळव्याध. मिरचीनं आग होते, पण दुखणं मिरचीमुळं नाही झालं. पाणी किती पिता?"

"दोन गिलास."

"एवढंच? का?"

अंबिकेनं कारण सांगितलं. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. "औषध देते. पण पाणी प्यायचं, आणि कळ आली की लगेच जायचं. वाढत गेलं तर ऑपरेशन करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबिका गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली. "अक्का, किल्ली द्या."

"ठरलंय ना आपलं?"

"तुम्ही ठरवलंय. इथं दाबून दाबून मला मूळव्याध झाली."

लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाया वळून बघायला लागल्या. गुरम्मा दात आवळून म्हणाली, "गिऱ्हाइकासमोर बोलायची गोष्ट हाय का ही?"

"आठ वर्षं न्हाई बोलले."

एका म्हातारीनं हातातली साडी खाली ठेवली. "पोरींना जाऊ देत न्हाई का वो तुम्ही?"

गुरम्मानं कमरेची किल्ली सोडली आणि फरशीवर फेकली. वाकताना अंबिकेला दुखलं, तरी तिनं ती उचलली आणि मागं गेली. मागोमाग साबेराही गेली. तीही तिथंच पाच वर्षं कामाला होती.

त्या दिवसापासून किल्ली खिळ्यावर आली. अंबिकेला मात्र साड्यांवरून काढून कोपऱ्यात परकर-अस्तरांवर बसवलं. गुरम्मा तिच्याशी थेट बोलेना. "तिला सांग," असं साबेराला म्हणायची. अंबिकाही साबेरालाच उत्तर द्यायची. दोन-अडीच महिन्यांत रक्त थांबलं, कोंबही आत गेला.

दिवाळीला सगळ्यांना साड्या मिळाल्या. अंबिकेच्या साडीच्या पदरावर जुना पिवळा डाग होता. तिनं ती नीट घडी घातली, गल्ल्यावर ठेवली आणि चपला घातल्या.

"माज बघ किती," गुरम्मा साबेराला म्हणाली.

अंबिकेनं ते ऐकलं आणि पायऱ्या उतरून ती स्टँडच्या रस्त्याला लागली.