घाटाखालचं पावाचं टेबल

माझी बायको शाळेत गणित शिकवते आणि प्रामाणिकपणाच्या बाबतीत तिचं डोकं फिरलेलं आहे. हे मी नवरा म्हणून नाही, पीडित म्हणून सांगतोय.

पन्नाशीला टेकल्यावर तिला लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा नाद लागला. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. पहाटे सहाला निघायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत परत. वाटेत ठरलेल्या चौक्यांवर थांबून कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. एक जरी शिक्का राहिला तरी बाद. आणि मुख्य म्हणजे, चौकी सोडून कुठेही घरच्या माणसाची मदत घ्यायची नाही. पंक्चर झालं तर स्वतः काढा, भूक लागली तर दुकान शोधा. माझी बेकरी आहे हो! अख्ख्या गावाला खायला घालतो, आणि माझीच बायको रस्त्यावर उपाशी.

पहिल्या वर्षी एकशेचाळीस किलोमीटरवरच्या घाटात तिचे पाय गळाले. दुसऱ्या वर्षी पायथ्याशी ती भुकेने पांढरीफटक पडलेली, म्हणून मी गाडीच्या खिडकीतून एक केळं पुढे केलं. एक! भुकेच्या भरात तिने ते खाल्लं, घाट चढली, वेळेत पोचली, आणि सायकल क्लबच्या सेक्रेटरीसमोर उभी राहून स्वतःच म्हणाली, "मी नवऱ्याचं केळं खाल्लंय." झालं, बाद! अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. भाजी वाढायची तीसुद्धा भिंतीकडे बघत.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी तिने जाहीर केलं, "या वेळी जमलं नाही तर सायकल विकून टाकणार." हे म्हणताना ती सायकलच्या हँडलवरून हात फिरवत होती. तिची सायकल गेली तर तिचं हसणं जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी नियमांचं पुस्तक बाहेर काढलं. तिच्याच कपाटातून. त्यात एक ओळ सापडली: वाटेवर कोणालाही मिळू शकेल असं काहीही घ्यायला हरकत नाही. वा! मी दीडशे बदामाचे पाव भाजले, गाडीत टेबल टाकलं आणि घाटाच्या पायथ्याशी पाटी लावली, 'येईल त्याला पाव. फुकट.' आता बोला!

बाराच्या सुमारास एक माणूस फोल्डिंगची खुर्ची बगलेत मारून आला. क्लबचा सेक्रेटरी. पेशाने नोटरी, त्यामुळे श्वाससुद्धा साक्षांकित करून घेतो.

"तुम्ही इथे?" तो गुरकावला.

"येईल त्याला पाव," मी पाटीकडे बोट केलं. "घ्या की."

त्याने पाटी दोनदा वाचली, मागून उलटून पाहिली. मग एक पाव घेतला. मग दुसरा. तिसऱ्या पावाला तो विरघळला आणि हळूच म्हणाला, "यंदा इथे गुपित चौकी आहे. कोणालाच माहीत नाही. न थांबता गेला तो बाद. तुमच्या टेबलाचा कोपरा देता का?" आणि खिशातून शिक्का काढून माझ्या पावांच्या शेजारी ठेवला.

म्हणजे आता माझं टेबल खुद्द चौकीच झालं! चौकीवर तर घरच्यांची मदत राजरोस चालते. मी मनातल्या मनात नाचलो.

सायकलवाले येत गेले, शिक्के घेत गेले, पाव तर असे संपवत होते की काही विचारू नका. दोन ट्रकवालेसुद्धा थांबून खाऊन गेले. चौकी तीन वीसला बंद होणार होती. दोन पस्तीसला ती वळणावर दिसली. एकटीच, मान खाली घातलेली.

"अगं ए!" मी दोन्ही हातांत पाव घेऊन ओरडलो.

तिने मान वर केली. मला पाहिलं, पाव पाहिले, आणि चेहरा असा झाला, जणू मी तिच्या पेपरात कॉपी पुरवतोय. "लाज नाही वाटत?" एवढं बोलून, इकडेतिकडे न बघता ती सुसाट पुढे निघून गेली. सेक्रेटरी शेजारीच शिक्का हवेत नाचवत उभा होता, पण त्याच्या तोंडात अख्खा पाव. "उंऽऽ! उंऽऽ!" एवढाच आवाज निघाला. ती वळणाआड गेली.

"अहो, तिचा शिक्का!" मी ओरडलो. सायकल विकली जाणार, आणि तीही माझ्या पावांमुळे.

मी गाडीकडे धावलो, तर सेक्रेटरीने बाही धरली. "थांबा. तुम्ही जाऊन सांगितलंत तर ती बाहेरची मदत होते का, ते बघू." आणि पठ्ठ्या पुस्तक उघडून बसला! फोन लावला तर तिने तीनदा कापला. इकडे हा ओळीखाली बोट फिरवतोय. मला वाटलं, शिक्का याच्या कपाळावर मारावा. चौदा मिनिटांनी तो म्हणाला, "हाक मारणं माझं काम होतं. माझं तोंड भरलेलं होतं, चूक चौकीची. तुम्ही चौकीचे निरोपे म्हणून जा. पण खायला काही न्यायचं नाही."

आमची डिलिव्हरीची गाडी घाटात म्हाताऱ्यासारखी खोकते. चार किलोमीटरचा चढ, आणि ही बाई दिसेचना! ज्या घाटाने तिला रडवलं होतं, तो ती निव्वळ माझ्यावरच्या रागाने चढून गेली होती. अगदी माथ्यावर गाठली.

"लांब व्हा! मी तुम्हाला ओळखत नाही!"

"चौकी होती ती! गुपित! शिक्का राहिला तुझा!"

तिने ब्रेक दाबला. तिने मागे खाली पाहिलं, मग घड्याळ. तीन वाजून पाच मिनिटं. ओठ हलले, हिशेब चालला होता. मला वाटलं, आता सायकल दरीत फेकते, किंवा मला. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. मग तिने सायकल वळवली आणि उतारावर झोकून दिलं.

मी पोचलो तेव्हा शिक्का मारून झाला होता, तीन चौदाला. ती टेबलाशी उभी राहून माझे पाव खात होती, सलग तीन, माझ्याकडे पाठ करून. मग पुन्हा तोच घाट. या वेळी मी पायथ्याशीच थांबलो. ती एकेक वळण वर सरकताना बघत होतो, आणि खरं सांगतो, मी रडलो. सेक्रेटरीने रुमाल दिला, साक्षांकित न करता.

सात एकोणीसला ती शेवटच्या चौकीवर आली. सेक्रेटरीने कार्ड तपासून विचारलं, "बाहेरची मदत?"

"नाही," ती म्हणाली. "नवऱ्यामुळे आठ किलोमीटर जास्त झाले, तेवढं लिहून घ्या."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. ती पायरीवर बसली. मी लांब, खांबाला टेकून. जवळ जायची हिंमत कुठली! ती बुटाचा पट्टा ओढत होती, पण बोटं आखडली होती, सुटेना. दोनदा प्रयत्न केला. मग मान न वळवताच म्हणाली,

"अहो, तिकडे काय उभे आहात? बूट काढा माझे. आता मदत चालते."