अर्धा सूर खाली

धाकटीने बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची खुंटी पिळली, सूर दाखवणाऱ्या डबीवरचा काटा पाहिला आणि तार आणखी केसभर सैल केली.

"माझी झाली. तू आवर लवकर."

चष्मेवाल्याच्या गिटारला सहा तारा, म्हणून त्याला जास्त वेळ लागायचा. एक डोळा डबीवर, एक शटरवर. सराव दहाचा, पण गेले चार महिने ही तिघं दर रविवारी साडेनऊलाच गोदामात हजर असत.

"मी काय उतरवू?" ड्रममागून प्लंबरने विचारलं.

"तुझ्या ड्रमला कोण विचारतंय? तू शटरकडे बघ."

"एकोणीस वर्षं ड्रममागे बसून तेच करतोय," प्लंबर म्हणाला.

एकोणीस वर्षं! बँड म्हटलं की लोकांना धूर, दिवे आणि किंचाळणारी गर्दी दिसते. हा बँड तसला नव्हता. गाणारा दादा शहर बससेवेत ड्रायव्हर. त्याची धाकटी बहीण पोस्टात पार्सलच्या खिडकीवर. चष्मेवाल्याचं चष्म्यांचं दुकान आणि प्लंबरची व्हॅन, जिच्यात ड्रम आणि नळाचे पाईप इतके गुण्यागोविंदाने राहत की कुठल्याही कार्यक्रमाला एखादा पाईप स्टेजवर यायचाच. कंपनीने विचारलं नाही, यांनीही कंपनीला विचारलं नाही. दोन रेकॉर्डी स्वतः काढल्या, कव्हरं घरच्या टेबलावर बसून खळीने चिकटवली, आणि विकायला चष्म्याच्या काउंटरवर ठेवल्या. नंबर काढायला आलेली माणसं गाणी घेऊन जात. एकदा कार्यक्रमाला नऊच माणसं आली होती. त्या नऊ जणांसाठी या चौघांनी असं वाजवलं की त्यातली सहा जणं अजूनही प्रत्येक कार्यक्रमाला येतात. बाकीच्या तिघांचं नशीब, दुसरं काय!

आणि या सगळ्याच्या मध्यभागी दादाचा आवाज. शिकलेला नव्हता, गोड तर मुळीच नव्हता. पण 'टाकी' या गाण्याच्या शेवटी, पाण्याच्या टाकीवर चढलेली पोरं खालच्या गावाकडे बघतात तिथे, दादा 'वर' हा शब्द असा उचलून धरायचा की ऐकणारी माणसं नकळत मान वर करत. दिवसभर बस चालवून आलेला माणूस हे कुठून काढतो, ते धाकटीला बहीण असूनही कधी कळलं नाही.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. साधीच होती, पण कापावी लागली. दवाखान्यात बोलायची बंदी होती, म्हणून उशाशी वही ठेवलेली. धाकटी भेटायला गेली तेव्हा त्याने पान फाडून तिच्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं: 'माझ्यासाठी गाणं खालच्या सुरात उतरवायचं नाही. जमलं तर गाईन, नाही जमलं तर माईक ठेवीन. चौघांनाही लागू.' चौथा तो स्वतःच होता, पण दादाचं लिहिणं असंच. तो कागद तिने बेसच्या पेटीत, अस्तराच्या आत ठेवला.

सहा महिन्यांनी तो परतला. पहिल्या रविवारी 'वर'वर आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा तर शब्दच बाहेर आला नाही. दादाने माईक अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा स्टँडवर ठेवला.

"पुढच्या रविवारी बघू," तो म्हणाला. "नाही जमलं, तर राहू द्या."

त्याची बस सुटल्यासारखा तो निघून गेला. मागे तिघं राहिली. दादा एकदा नाही म्हणाला की नाही, हे तिघांनाही पाठ होतं. शेवटी धाकटीच बोलली.

"तारा उतरवू. सगळ्याच. अर्धा सूर. त्याचा 'वर'ही तेवढाच खाली येईल. बोटं नेहमीच्याच जागी पडतील, त्याला दिसणार काहीच नाही."

"आणि कळलं तर?" चष्मेवाला म्हणाला.

"कळलं तर माईक ठेवेल. नाही केलं तरी ठेवेलच."

हिशोब सरळ होता. पुढच्या रविवारी दादा आला, गायला, आणि 'वर' अलगद लागला. पहिल्यासारखाच, थोडा जाड, पण भरलेला. गाणं संपल्यावर तो काही क्षण पत्र्याच्या छताकडे बघत उभा राहिला.

"औषध लागू पडलं वाटतं," तो म्हणाला.

प्लंबरने उगाच झांज पुसायला घेतली.

तेव्हापासून ही साडेनऊची चोरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दादा नुसता खाकरला तरी तिघं कामात असल्यासारखी वायरी चाचपायची. जुनी रेकॉर्ड त्याच्यासमोर लावायची नाही, हे ठरलं. चष्मेवाल्याने दुकानातलीसुद्धा बंद ठेवली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, सुई मोडली. सुई शाबूत होती, खिशात.

बाकी सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. एक गोष्ट सोडून.

कार्यक्रम त्या रविवारी दुपारी चारला, त्याच गोदामाच्या अंगणात होता. आजारपणानंतरचा पहिलाच, म्हणून माणसं बरीच आली होती. बस डेपोतले ड्रायव्हर, पोस्टातल्या बायका, नऊपैकी ते सहा. वहिनी, दादाची बायको, पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. सात गाणी छान गेली. आठवं 'टाकी'. दोन कडवी झाली, आणि शेवटच्या कडव्याआधी चष्मेवाला गिटारवर मधला तुकडा वाजवायला पुढे सरकला. दादाने हात वर करून त्याला थांबवलं.

"हा तुकडा खरा माझा," तो माईकवर म्हणाला. "डॉक्टरांनी फुंकायची परवानगी दिलीये."

आणि त्याने खिशातून माऊथ ऑर्गन काढला.

धाकटीने जाड तारेच्या खुंटीकडे पाहिलं. एकोणीस वर्षं हा तुकडा दादाच माऊथ ऑर्गनवर वाजवत होता. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली म्हणून चष्मेवाला तो गिटारवर वाजवू लागला, आणि चार महिन्यांत तिघंही विसरून गेली होती की तो बाजा अस्तित्वात आहे. गिटारच्या खुंट्या पिळता येतात. माऊथ ऑर्गनला खुंट्या नसतात. कारखान्यातून जो सूर घेऊन येतो, तोच त्याचा मरेपर्यंत. आता दादा फुंकणार, त्याचा सूर वर आणि सगळा बँड अर्धा सूर खाली. शेंबड्या पोरालाही कळेल असं बेसूर होणार, आणि दादाला एका श्वासात सगळं समजणार. इतक्या माणसांसमोर, वहिनीसमोर.

तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. प्लंबर ताल धरून होता, कारण थांबायचं कसं हे त्याला सुचत नव्हतं. ती मनात म्हणाली, अरे देवा, थांबव याला. पण बोटं ठेक्यात चालत राहिली, सवयीने.

दादाने डोळे मिटले आणि फुंकलं.

सूर बरोबर बसला.

पहिला बसला, दुसरा बसला, आणि सगळा तुकडा बेस आणि गिटारच्या अंगाला अंग लावून, एका घरातल्यासारखा निघाला. धाकटीला वाटलं आपलेच कान गेले. मग उन्हात तो बाजा चमकला. दादाच्या जुन्या माऊथ ऑर्गनला एका कोपऱ्यात पोचा होता, बसच्या दारात सापडून पडलेला. याला पोचा नव्हता. कोरा करकरीत होता.

मग दादाने 'वर' घेतला. अंगणातल्या माणसांनी माना वर केल्या. धाकटीला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. पण बेसला डोळे लागत नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर माणसांनी दादाला वेढलं. धाकटी केबल गुंडाळायच्या निमित्ताने खाली बसली होती, तिथे वहिनी आली.

"काय गं, रडतेस काय? चांगलं झालं की!"

"वहिनी, डॉक्टरांनी कधी सांगितलं? फुंकायचं?"

"अगं, दोन महिने झाले! मी म्हटलं वाजव की आता. तर म्हणे, नको, नवीन यायचाय. चार महिन्यांपूर्वी दुकानदाराला सांगून ठेवला होता. तसल्या सुराचा म्हणे इथे मिळतच नाही, मागवावा लागतो. परवा आला एकदाचा. दोन दिवस स्वयंपाकघरात नुसता ताप दिला मला."

"चार महिन्यांपूर्वी?"

"हो. कामावर पुन्हा जायला लागला, तोच आठवडा."

धाकटीने बोटांवर रविवार मोजले. पहिला रविवार, माईक ठेवला तो. दुसरा, औषध लागू पडलं तो. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तो पुन्हा कामावर गेला होता, आणि त्याच आठवड्यात माऊथ ऑर्गन सांगून ठेवला होता. म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि मग चार महिने तो दर रविवारी बरोबर दहालाच आला होता. एकदाही पाच मिनिटं आधी नाही.

गर्दी पांगली. दादा येऊन तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि केबलचं दुसरं टोक घेऊन गुंडाळू लागला. दोघांची गुंडाळी मध्यावर भेटली.

"दादा, तो कागद..."

"कुठला कागद?" तो म्हणाला. "आजारी माणूस काहीही लिहितो."

त्याने गुंडाळी पेटीत टाकली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"पुढच्या रविवारी साडेनऊला येऊ नका," तो म्हणाला. "सकाळी गोदामात गार असतं. दहाला या, मी आल्यावर उतरवा तारा. चष्मेवाल्याची पाचवी तार नेहमी जरा चढी राहते, मी ऐकून सांगत जाईन."

तो व्हॅनकडे गेला. प्लंबर पाईप बाजूला सारून ड्रमला जागा करत होता.

"आणि तू रे," दादा त्याला म्हणाला, "तू काय उतरवलंस?"

"मी शटर बघत होतो," प्लंबर म्हणाला.