बंद केलेली ढवळणी

काकी नाकावर माशी बसू देत नसे, आणि धंदा असा की शेडमध्ये माश्यांखेरीज आपणहून कुणी येत नसे. मासळीची डोकी, शेपट्या, आतडी दळायची, आंबवायची, त्याचं पातळ खत पाच हजार लिटरच्या टाकीत साठवायचं आणि खालच्या तोटीतून कॅन भरून विकायचं. नवऱ्यामागे हे सगळं काकीनं उभं केलं होतं. सात वर्षांपूर्वी सून आली आणि टाकीची किल्ली हळूहळू तिच्याकडे गेली.

सुनेचा नियम एकच. तोटी उघडण्याआधी अर्धा तास ढवळणी चालली पाहिजे. कारण हे खत बसतं. वर पाणचट राहतं, तळाला चिखलासारखा गाळ. न ढवळता सोडलं तर पहिल्या कॅनांत नुसता गाळ जातो, आणि कोवळं रोप त्यानं करपतं.

त्या मंगळवारी सुनेनं ढवळणी लावली आणि ती कॅन धुवायला मागच्या नळावर गेली. तेवढ्यात काकीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. मोटरीची घरघर अशी की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. काकीनं बटण दाबलं, टाकीला पाठ टेकली आणि सुरू झाली. सून कशी प्रत्येक गोष्ट मापानं करते, भाजीत मीठ टाकतानासुद्धा कशी चमचा शोधते. बहीण हसली, तसा काकीला आणखी चेव आला. नळाच्या धारेत सुनेला काही कळलं नाही.

पंचवीस मिनिटांनी तिची पावलं वाजली. काकीनं फोन कमरेला खोचला आणि बटण पुन्हा दाबलं. सुनेनं घड्याळ पाहिलं, पाच मिनिटं थांबली, ढवळणी बंद केली आणि तोटी उघडली. खत काळं, कॅनही काळे, त्यात दिसणार काय? काकी तिथंच उभी होती. थांब म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. तिनं पदर सारखा केला.

शनिवारी पहिले चार कॅन नेलेली बाई परत आली. रोपवाटिका होती तिची. तिनं मिरचीच्या रोपांचा ट्रे टेबलावर ठेवला. पानांच्या कडा जळलेल्या, शेंडे मान टाकलेले.

"शंभराला एक, नेहमीचंच पाणी घातलं," ती म्हणाली. "दोन हजार रोपं गेली. लोकांना शब्द देऊन बसलेय मी."

काकीचा मुलगा बायकोकडे वळला. "ढवळलं होतंस?"

"अर्धा तास."

"मग हे काय आकाशातून पडलं?"

सून आता फाडकन बोलेल म्हणून काकी वाट बघत राहिली. पण सून एक पान बोटानं उलटसुलट करत होती. "मला तर तसंच आठवतंय," ती हळू म्हणाली. "घड्याळ बघताना गफलत झाली असेल. चूक झाली, ताई."

हे दोन शब्द सुनेच्या तोंडून ऐकायला काकी सात वर्षं टपून होती. आज ऐकले, आणि तिनं टेबलावरचा ट्रे उगाच सरळ केला.

"सोमवारपासून टाकी दुसरं कुणी बघेल," मुलगा म्हणाला. "तू लेबलं चिकटव."

"बरं."

रविवारी शेड बंद होती, तरी सून टाकीपाशी गेली. ढवळणी लावायची, घड्याळ बघायची, बंद करायची, तोटीतून वाटीभर काढून न्याहाळायची. पुन्हा पहिल्यापासून. काकी दारातून बघत होती. जेवायला बसली, पण भात नुसताच कालवत राहिली.

"आई, मीठ कमी पडलं का?"

"नाही. बरोबर आहे," काकी म्हणाली आणि ताटातच बघत राहिली.

सोमवारी सुनेनं किल्ली नवऱ्यासमोर ठेवली. काकीनं ती उचलून परत तिच्यापुढे सरकवली.

"ढवळणी मी बंद केली होती. फोनवर ऐकू येत नव्हतं. ही आली तशी पुन्हा लावली, चोरासारखी."

मुलगा गडबडला. "जाऊ दे गं आई. वय झालं की विसरायला होतं."

"माझं वय काढू नकोस. विसरले नव्हते. तोटी उघडली तेव्हा तिथंच उभी होते."

सून काकीकडे बघत होती. "कुणाचा फोन होता?"

"धाकटीचा."

"एवढा वेळ? विषय काय होता?"

गुडघेदुखी सांगता आली असती. बहिणीच्या जावयाचं काहीतरी सांगता आलं असतं.

"तू," काकी म्हणाली.

"मग मोटर चालू ठेवून ओरडून बोलायचं. मलाही कळलं असतं आणि रोपंही वाचली असती."

मुलगा हसला. त्या दोघी हसल्या नाहीत.

"चला," सून उठली. "रोपवाटिकेत. चूक झाली म्हणून मी त्या ताईंना बोलून बसलेय, ते मला परत घ्यायचंय. बोलायचं तुम्ही. मी नुसती शेजारी उभी राहीन."

"काय बोलू?" काकीनं विचारलं. असं तिनं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

"जे झालं ते. रंगवायचं नाही."

काकी खाली वाकून चपला शोधू लागली. त्या तिच्या पायातच होत्या.