पुढचा सांधा

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची धाकटी बहीण इतकी ठेंगणी, की कुठल्याच सायकलवरून तिचे पाय धड जमिनीला टेकत नसत. म्हणून त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या मापाची सायकल करायला घेतली. पोलादी नळ्या कापून सांध्यांत बसवल्या, गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवल्या आणि पितळेचा डाख सोडला. पितळ आतवर शिरलं की कडेने सोनेरी रेघ उमटते.

हँडलखालच्या सांध्याला ती अर्धीच उमटली. तो पुन्हा उकलायचा म्हणजे सगळं घासणं-तापवणं नव्याने. इकडे बहीण रोज दारात. "दादा, झाली का?"

"झालीच म्हण."

त्याने फटीत पुट्टी भरली आणि वरून हिरवा रंग मारला.

महिनाभर तिने ती गल्लीभर मिरवली. मग एका उतारावर पुढची नळी सांध्यातून निसटली. खांद्याचं हाड मोडलं, हनुवटीला टाके पडले. तो दवाखान्यात पोचला तर तीच म्हणाली, "रागावू नकोस हं दादा. मला खड्डा चुकवता आला नाही. एवढ्या मेहनतीची सायकल मोडून ठेवली मी."

"सायकलचं काय घेऊन बसलीस?" आई म्हणाली. "तो दुसरी करेल."

गप्प बसला असता तरी चाललं असतं. त्याला तिच्याकडे बघवेना.

"खड्ड्यामुळे नाही झालं," तो म्हणाला. "सांधा कच्चा होता. मला माहीत होतं. मी पुट्टी भरून रंग मारला."

आईने हातातला पेला खाली ठेवला.

"लोकांच्या लिफ्टमध्येही असंच करतोस?" बहिणीने विचारलं.

"नाही."

"मग माझ्याच वाट्याला का?"

परक्याने तपासून घेतलं असतं, तू डोळे झाकून बसणार होतीस; हे उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"जा तू," ती म्हणाली.

खांद्याचा पट्टा निघेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. मग एक दिवस शेडमध्ये येऊन स्टूल ओढून बसली. "नवी कर. माझ्यासमोर."

प्रत्येक सांधा तिने बॅटरी लावून पाहिला. दोन परत करायला लावले. त्याने मान वर न करता केले.

सायकल उभी राहिली तेव्हा ती म्हणाली, "आधी तू बस."

तिच्या मापाच्या सायकलवर त्याचे गुडघे छातीला लागत होते. गल्लीतले लोक पोट धरून हसत होते. कान तापले तरी तो उतार उतरून गेला आणि धापा टाकत वर आला.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तो पुन्हा गेला.