वरच्या पडद्यावरची वाक्यं

दरवर्षी नाट्यमहोत्सव भरला की धाकटीला दहा दिवस मान वर करायला फुरसत नसे. इथली नाटकं परदेशी पाहुण्यांना कळावीत आणि त्यांची आपल्याला, म्हणून रंगमंचाच्या वर एक लांबट पडदा टांगलेला असे. नट बोलेल तसं त्याचं भाषांतर, एकेक वाक्य, मागच्या काचेच्या खोलीतून बटण दाबून त्या पडद्यावर सरकवायचं, हे तिचं काम. एक बटण चुकलं की खाली नट रडतोय आणि वर विनोद झळकतोय, अशी शोभा व्हायची.

यंदा मात्र काळजी वेगळीच होती. एका नाटकात म्हाताऱ्या बापाचं काम तिचे वडील, अप्पा, करणार होते. चाळीस वर्षं रंगभूमी गाजवलेला माणूस, पण अलीकडे त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडू लागला होता. धाकटीने दिग्दर्शकाला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. एवढं एक होऊ दे, मग घरीच बसायचंय, असं अप्पा म्हणाले आणि त्यांचं मन मोडणं तिच्या जिवावर आलं. मोडायला हवं होतं.

दुपारच्या प्रयोगात पहिला अंक निभावला. दुसऱ्यात घर सोडून निघालेल्या मुलीची बाप क्षमा मागतो, तिथे अप्पा थांबले. मग बोलू लागले ते भलतंच. विशीत केलेल्या कुठल्यातरी नाटकातल्या मुलाचे संवाद होते ते. आई, बाहेर अंधार झालाय, दार उघड. समोरची नटी बावरली. आपल्या लोकांत चुळबुळ सुरू झाली.

पडदा कोरा ठेवला तर पाहुण्यांनाही कळणार होतं. धाकटीने ओठ चावून बटण दाबलं. खाली अप्पा आईला हाका मारत होते आणि वर बाप मुलीची क्षमा मागत होता. अप्पांनी श्वास घेतला की पुढचं वाक्य, आवाज कापला की त्याच्या पुढचं. बापाच्या बोलण्याची लय तिला लहानपणापासून पाठ होती. नटीने कसाबसा प्रवेश आवरला.

पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते, डोळे पुसत होते. आपली माणसं खाली मान घालून बसली होती.

रंगपटात तोंडाचा रंग पुसता पुसता अप्पांनी विचारलं, "एखादं वाक्य गेलं का गं?"

"एकही नाही."

"मग आपली माणसं का उठली नाहीत?"

दहा दिवस नाटकं बघून थकलीत, असं ती म्हणाली. अप्पांना ते पटलं.

बाहेर दिग्दर्शक उभा होता. उद्याचा प्रयोग दुसरा नट करेल, एवढंच त्याने सांगितलं. जाता जाता वळून म्हणाला, "आधी सांगितलं असतंस, तर मी त्यांना मानाने निरोप दिला असता."

दुसऱ्या दिवशी प्रयोग रद्द झाल्याचं तिने अप्पांना तीनदा खोटंच सांगितलं. तरी जेवण झाल्यावर ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. मोठी बहीण यायला अजून अर्धा तास होता आणि धाकटीला प्रयोगासाठी निघणं भाग होतं. तिने दार ओढून बाहेरून कडी घातली.

दोन पायऱ्या उतरली तेवढ्यात आतून हाक आली, अगदी हळू.

"आई, दार उघड."

ते संवाद म्हणतायत की खरंच हाक मारतायत, हे तिला कळेना. ती पायरीवरच खाली बसली.